छत्तिसावी थैली

११ डिसेंबर २०२५, गुरुवार

आज दोन नंबरच्या थप्पीला धुरी दिली. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, डोक्याला रुमाल — काचेत स्वतःला बघून मीच दचकले! एकशे ऐंशी पोती तूरडाळ, छत्तीस थैल्या. थैलीत गोळ्या, गोळ्यांतून गॅस, गॅसनं पोरकिडा मरतो. माणूसही मरतो. म्हणून आमच्या गोदामात नियम एकच — जितक्या थैल्या आत गेल्या तितक्या बाहेर आल्या पाहिजेत. मोजायचं काम माझं, रजिस्टरवर सही माझी. बी.एस्सी. करून हेच मिळालं, पण काम जोखमीचं आहे म्हणून मला आवडतंही.

नांदेडहून आले होते ते प्रशिक्षणवाले म्हणायचे, ‘लसणासारखा वास आला की आधी पळा, मग विचार करा.’ आम्ही लातूरची माणसं! असं असेल तर रोज स्वयंपाकघरातूनच पळावं लागेल.

श्रीमंतमामा वर चढून पोत्यांच्या फटीत थैल्या लावत होते, मी खालून देत होते. साठी उलटली तरी हा मुकादम पोरासारखा थप्पीवर चढतो. शेवटची थैली माझ्या हातात होती अन् आईचा फोन! येळवशीला कधी येतीस, वालाच्या शेंगा तिकडं स्वस्त आहेत का, तुझ्या बापानं शेतात कोप बांधायला कडबाच ठेवला नाही... खाली नमुन्याचं पोतं उघडं होतं, त्याच्या तोंडात थैली खोचली अन् दारात जाऊन बोलत बसले. पंधरा मिनिटं! आईला फोन ठेवता येत नाही, मला तोडता येत नाही. परत आले तर मामांनी नमुन्याचं पोतं पण आत ढकललेलं, ताडपत्री ओढून कडेनं वाळूच्या पिशव्याही लावलेल्या. ‘झालं का म्याडम?’ ‘झालं.’ रजिस्टरमध्ये छत्तीस लिहिलं.

सात दिवस आता तिकडं फिरकायचं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

मामांच्या केवळामामीनं दशम्या पाठवल्या, वर शेंगाची चटणी. ‘एकटी राहती पोर, काय खात असंल’ म्हणे. मी एकतीस वर्षांची घोडी! पण दशम्या चारही संपवल्या.

मामी आमच्या डाळमिलच्या मागच्या वस्तीत राहते. एक खोली, वर पत्रा. सीझनमध्ये मामा रात्री गेटवर राखणीला असतात, मामी घरात एकटी. या बाईला पोरबाळ नाही, म्हणून सगळ्या मिलची आई होऊन बसलीय.

१८ डिसेंबर, गुरुवार

उद्या येळवस, वेळ अमावास्येचा शेतपूजेचा सण. सकाळपासून कुणाचं चित्त कामावर नाही. अर्धे हमाल दुपारीच पळाले. उद्या लातूर असं ओस पडेल की बाजारात कुत्रंसुद्धा दिसायचं नाही — सगळी दुनिया शेतात.

ताडपत्री काढली. नियमानं दिवसभर वारा लागू द्यायचा, मग थैल्या वेचायच्या. पण माझी साडेपाचची गाडी! दारं उघडून दोन तास थांबलो अन् मामा वर चढले. ते वरून थैल्या टाकत होते, मी खाली लोखंडी बादलीत घेत होते. मोजल्या? तिसापर्यंत मोजल्या. मग रिक्षावाला हॉर्न वाजवून राहिला होता — ‘ताई, गाडी जाईल, मग मला बोलू नका!’ मामा वरून म्हणाले, ‘झाल्या म्याडम, वर काहीच न्हाई.’ छत्तीस लिहिलं, सही केली, पळाले.

जाताना बघितलं — मामा नमुन्याच्या पोत्याला दाभणानं टाके घालत होते. ते पोतं दरसालचं त्यांचं. नमुन्यासाठी फोडलेलं पोतं विकायचं नाही, येळवशीला मुकादमाच्या घरी जायचं, ही मिलमालक अप्पांच्या वडिलांपासूनची रीत. मामांनी ते लुनावर बांधलं अन् मला ओरडून सांगितलं, ‘मामी भज्जी ठिवणार हाय तुमच्यासाठी!’

गाडी मिळाली. उभं राहून आले, पण आले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

येळवस! शेतातल्या कोपीत पाच दगडांचे पाच पांडव मांडले, बाबांनी आंबील शिंपडत शेताला फेरी मारली. शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. तीनदा जेवले. वर्षात एवढं बरं कधी वाटत नाही.

२० डिसेंबर, शनिवार

पस्तीस.

बादलीतल्या थैल्या आज मिलमागं खड्ड्यात पुरायच्या होत्या. एकेक उचलून टाकत होते, सहज मोजत होते. पस्तीस. सगळ्या परत काढल्या. पस्तीस. मग पाच-पाचच्या ओळी लावल्या — सात ओळी. पुढं काहीच नाही.

रजिस्टरमध्ये छत्तीस. खाली माझी सही. किती ठसठशीत करते मी सही, मेली!

गोदामात दीड तास फिरले. थप्पीच्या मागं, ताडपत्रीच्या घड्यांत, वाळूच्या पिशव्यांखाली. नाही. मामांना विचारावं का? विचारलं तर कळेल की मी मोजल्या नव्हत्या. माझ्यापेक्षा तिप्पट वर्षं काम केलेला माणूस — काय म्हणेल?

फाटली असेल एखादी. झाडलोटीत गेली असेल. असेलच तसं.

२१ डिसेंबर, रविवार

थंडीत गोळी हळू सुटते. कोरड्या डाळीत तर आणखी हळू. सात दिवसांत पूर्ण सुटलीच असेल असं नाही. हे मला माहीत आहे. मला नसतं माहीत तर किती बरं झालं असतं!

२२ डिसेंबर, सोमवार

दोन नंबरच्या थप्पीतली चाळीस पोती नायगावकडच्या एका मठात गेली. अप्पा दरवर्षी दासोहाला, म्हणजे तिथल्या अन्नदानाला, डाळ देतात. २८ तारखेला तिथं पुण्यतिथी, पाच हजार माणूस जेवणार. तोवर पोती कोठीत बंद. कोठीला लागूनच आचाऱ्यांची निजायची जागा.

गाडी भरताना मी तिथंच उभी होते. प्रत्येक पोतं डोळ्यांनी चाचपत होते. तोंड उघडायचं होतं, ‘थांबा’ एवढंच म्हणायचं होतं. ड्रायव्हरनं विचारलं, ‘म्याडम, निघू का?’ मी मान हलवली. हो म्हणून हलवली!

मामा आज आले नाहीत. मामीला उलट्या होऊन राहिल्या म्हणे. ‘येळवशीची आंबील बाधली’ असं हमाल सांगत होते.

२३ डिसेंबर, मंगळवार

काम सुचेना. दुपारी मामीला बघून आले. खरं सांगायचं तर मामांच्या तोंडून थैलीचं काही निघतंय का ते बघायला गेले होते. मामा औषध आणायला गेलेले.

मामी बाजेवर. तोंड सुकलेलं, ओठ निळसर. तरी मला बघून उठायला लागली. थंडीमुळं खिडकीत गोणपाट कोंबलेलं, दारही लोटलेलं. बाजेखाली डाळीचं पोतं, कोपऱ्याचा टाका उसवून त्यात वाटी घातलेली. खोलीत नुसता लसणाचा वास! मी म्हटलं, ‘मामी, येळवस होऊन चार दिवस झाले, अजून लसूणच सोलता काय?’ ती हसली. ‘समदं धुतलं बग बाई. भांडी धुतली, वाकळा धुतल्या. वासच जाईना.’

मग म्हणाली, ‘दवाखान्यात सलाईन लावलं की बरं वाटतंय. घरी आलं की पुना गरगरतंय. घरच बाधलं म्हणायचं मला!’ माझ्यासाठी ठेवलेली भज्जी फेकून द्यावी लागली याचं तिला वाईट वाटत होतं.

मी दहा मिनिटं बसले असेन. डोकं असं ठणकायला लागलं! टेन्शन, दुसरं काय. डोळ्यांपुढं सारखी ती मठातली कोठी.

उद्या अप्पांना सांगते. काय व्हायचं ते होऊ दे.

२४ डिसेंबर, बुधवार

सांगितलं.

अप्पा, म्हणजे आमचे शंकरप्पा, सकाळी ऑफिसात आधी लिंगपूजा करतात, मग कुणाशी बोलतात. मी दाराबाहेर उभी. कपाळावरची विभूती ओली होती त्यांची, तेवढ्यात मी घुसलेच.

‘अप्पा, धुरीची एक थैली कमी आहे.’

‘कवापासून?’

‘शनिवारी कळलं.’

‘आन आज काय वार हाय?’

‘बुधवार.’

वाटलं, आता रजिस्टर तोंडावर फेकून मारतात. पण त्यांनी फोन उचलला, मठात लावला. ‘शरणार्थी,’ असा नमस्कार घालून म्हणाले, ‘आमच्या डाळीला हात लावू नका. कोठी उघडी ठिवा, तिथं कुणालाच निजू देऊ नका. हाव... चूक आमचीच हाय. उद्या मी सोता येतो.’ मला भडभडून आलं. एवढं सोपं होतं हे! चार दिवस उगीच जळत बसले.

फोन ठेवून त्यांनी विचारलं, ‘थैल्या मोजल्या कुणी?’

मी म्हणाले, ‘मामा वरून टाकत होते.’

हे खोटं नाही. मामाच टाकत होते वरून.

अप्पांनी ‘हां’ म्हणून मान हलवली. मी पुढं काही बोलले नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

पहाटेच अप्पांच्या गाडीतून निघालो. मठाच्या अंगणात ताडपत्र्या अंथरल्या, चाळीसच्या चाळीस पोती फोडली, चाळणीतून डाळ गाळली. पंधरा माणसं, सात तास. मी मास्क लावून प्रत्येक पोत्यावर उभी. पाठीचा पार काटा ढिला झाला.

काही नाही. एकाही पोत्यात काही नाही!

मी तिथंच पायरीवर बसून रडले. मठातल्या स्वामींनी डोक्यावर हात ठेवला. ‘पोरी, चूक समद्यांच्याच हातून घडती. कबूल कोण करतं? तू केलंस.’ आचारी शिरा घेऊन आला. मी खाल्ला, दुसऱ्यांदा पण घेतला. खूप दिवसांनी भूक लागली होती. आणि खरं लिहिते — अभिमान वाटला स्वतःचा.

येताना अप्पा म्हणाले, ‘मग थैली गेली कुठं?’

‘फाटली असेल, अप्पा. झाडलोटीत गेली.’

‘असंल,’ म्हणाले. पण रस्ताभर खिडकीबाहेर बघत होते.

२६ डिसेंबर, शुक्रवार

मामा आज कामावर आले. चार दिवसांत माणूस वाळून गेला. अप्पांनी त्यांना सगळ्या हमालांदेखत बोलावलं. ‘श्रीमंत, पस्तीस वर्षं झाली तुला. थैल्या वेचता येईनात? चाळीस पोती फोडाया लागली मला! मठात तोंड दाखवायची पंचाईत! डोळं गेलं असतील तर घरी बस!’

मामांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी रजिस्टरची पानं उलटत होते.

‘चुकलं असंल, अप्पा,’ ते म्हणाले.

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडात शब्द होते — मोजायचं काम माझं होतं, मी मोजलं नाही. गिळले. काल अभिमान वाटणारी हीच बाई! थू!

जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, मामी कशा आहेत? म्हणाले, ‘काल रातच्याला फिट आल्यागत झालं. सकाळी दवाखान्यात नेऊन सलाईन लावून आणली. तिथं उठून बसली, चा प्याली. घरी आणली की पुना तसंच. आन त्यो लसणाचा वास, म्याडम... घरात लसणाची पाकळी न्हाई.’

ते गेले. मी हात धुऊन डबा उघडला. चटणीचा वास आला. लसणाची चटणी.

आधी पळा, मग विचार करा.

मी त्या खोलीत बसले होते. दहा मिनिटं. माझं डोकं ठणकत होतं. मी मंगळवारी तिथं बसून लसणाची चेष्टा करून आले!

पण थैली तिथं जाईल कशी? डब्याशेजारी ही वही काढली. अकरा तारखेचं पान. माझंच अक्षर. ‘त्याच्या तोंडात थैली खोचली अन् दारात जाऊन बोलत बसले.’

मामांनी नाही. मी. माझ्या हातानं.

निघते. धावत दहा मिनिटं लागतात.

२७ डिसेंबर, शनिवार

सरकारी दवाखान्याचा व्हरांडा. इथं बसून लिहून राहिलेय. हात थांबला तर डोकं फिरेल.

काल पोचले तेव्हा मामी शुद्धीवर नव्हती. दार सताड उघडलं, खिडकीतलं गोणपाट ओढून काढलं. शेजारच्या दोघांनी बाज उचलून अंगणात आणली. मी श्वास रोखून बाजेखालचं पोतं ओढत बाहेर काढलं अन् मामांचे टाके विळ्यानं कापले. थैली वरच होती. चार बोटं डाळीखाली. तिच्या तोंडाचा लाल दोरा तसाच. निम्म्या गोळ्यांची राख झालेली, निम्म्या अजून अख्ख्या.

मामी कोपऱ्यातून वाटीनं डाळ काढत होती, म्हणून तिला थैली दिसली नाही. आठ दिवस त्या पोत्यावर निजली होती.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘हे घरात कधीपासून आहे?’

‘अठरा तारखेपासून.’

‘आणि तुम्हाला कधी कळलं?’

‘एक कमी आहे, हे वीस तारखेला. कुठं आहे, हे आज.’

लिहिताना त्यांचा पेन जरा थांबला. नंतर नर्सला सांगत होते, या गॅसवर उतारा नाही, मंगळवारी जरी खोलीतून हलवली असती तरी... मला बघून गप्प झाले.

मंगळवारी मी तिथं होते.

मामांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. ते जिन्यात बसलेत, मामीचं लुगडं मांडीवर घेऊन. मी दोनदा उठले. दोनदा परत येऊन बसले.

२८ डिसेंबर, रविवार

मामी पहाटे गेली.

दुपारी पोलीस आले, पंचनामा झाला. पोत्यात थैली सापडली हे मामांना त्यांच्याकडूनच कळलं. मामांनी जबाब दिला — पोतं मीच शिवलं, थैली माझ्याच हातून पडली असंल, दुसऱ्या कुणाचा काई दोष न्हाई. अंगठा उठवला. मी दाराशी होते, तोवर हे होऊनही गेलं. हवालदारानं कागदाची घडी केली.

अप्पांनी मला बाजूला घेतलं. डॉक्टरांकडून त्यांना सगळं कळलेलं, त्यांचेही डोळे लाल. ‘दामिनी, त्यो सोता म्हणून राहिलाय. त्याला मी बघतो, जल्मभर बघतो. तुझं आयुष्य पडलंय. आता गप ऱ्हा.’

आज मठात पाच हजार माणूस जेवलं असेल. अप्पांनी दुसरी डाळ घेऊन दिली होती.

२९ डिसेंबर, सोमवार

मामांकडं जाऊन सांगितलं. सगळं — आईचा फोन, उघडं पोतं, न मोजता केलेली सही. वाटलं, मारतील. त्यांनी मारावं असंच वाटत होतं. ते म्हणाले, ‘मी बी मोजल्या व्हत्या, म्याडम. वरून टाकताना. पस्तीसच. खाली येऊन बघितलं तर तुमी छत्तीस लिवलेलं, सही केलेली. म्हटलं, शिकल्याली बाई हाय, माझंच चुकलं असंल.’

अकरा तारखेच्या पानात खुणेला सुतळीचा तुकडा घातलाय. ही वही घेऊन पोलीस ठाण्यात चाललेय.